पहिली मेंढी आणि हरित समिती

पृथ्वी तापते ती कोळशाने, तेलाने आणि 'एवढा एकच बारीकसा बदल करा' या वाक्याने. पैकी तिसऱ्या कारणाची दखल अजून कुठल्याही जागतिक परिषदेने घेतलेली नाही. डनीडन शहरातल्या आमच्या डिझाइन स्टुडिओने घेतली.

त्या सुमारास आमची हिनेवाई मर्डो कर्कनेस यांच्या मटण-पायचं, म्हणजे मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेल्या पदार्थाचं, पाकीट करत होती. पाकीट शुक्रवारी मंजूर झालं तर तिची नोकरी कायम. नाही तर निरोपाचा केक. (मालक फर्गस दूरदर्शी असल्याने केक सांगून ठेवलेला होता.) पाकिटासाठी काढलेली पहिली मेंढी गालातल्या गालात हसत होती. कर्कनेसनी तिला उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं, मग "जरा मोकळेपणी हसू दे की तिला" म्हणाले. (पायमध्ये काय असतं हे तिला कळू न देण्याकडे त्यांचा कल होता.) असे चाळीस बदल झाले.

साठवलेली प्रत्येक जुनी फाइल कुठेतरी एखादं यंत्र तापवत ठेवते, असं फर्गसच्या वाचनात आलं आणि हरित समिती स्थापन झाली. ठराव क्रमांक एक: नावात 'फायनल' नसलेली प्रत्येक फाइल पुसावी. अशी एकही फाइल सापडली नाही. सबब ठराव क्रमांक दोन: शेवटची ठेवून बाकी सर्व पुसाव्यात. गुरुवारी समारंभपूर्वक पुसल्या. वाचलेली वीज एक किटली उकळण्याइतकी भरली. समारंभाच्या चहाला दोन किटल्या लागल्या.

शुक्रवारी कर्कनेस आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एक्केचाळिसावी मेंढी पाहिली.

"पोरी, खरं सांगू? पहिलीच बरी होती गं."

(हे वाक्य आमच्या धंद्यात सूर्योदयाइतकं नियमित आहे. समितीत डिझाइन करणारं कुणी नव्हतं.)

"मर्डोकाका, पहिली पर्यावरणाला दिली."

"मग परत काढ."

तिने काढली.

"तीच आहे गं, पण ही माझ्याकडे संशयाने बघतेय."

एवढ्यात केक आला. फर्गस खिडकीबाहेर बघू लागला.

"थांब! माझ्या फ्रिजवर चिकटवलीय की पहिली!" कर्कनेस घरी जाऊन दोन कागद घेऊन आले. पहिल्यावर मेंढी, शिवाय चरबीचा डाग. दुसऱ्यावर फक्त आमच्या प्रत्येक मेलखाली जाणारी ओळ, 'झाडं वाचवा, ही मेल छापू नका', आणि एक हिरवं पान. (ओळीला नेहमी स्वतंत्र कागद लागतो.)

"तुमची ती झाडांची ओळ वाचली हं मी," कर्कनेस म्हणाले. "छापल्यावर. आणि हे पान झकास आहे. मेंढीच्या डोक्यावर टाक. जरा मोठं कर."

पाकीट मंजूर झालं. केकवरचा 'निरोप' सुरीने खरवडून 'अभिनंदन' लिहिण्यात आलं. समितीच्या अहवालात नोंद आहे: केकचा फेरवापर, शंभर टक्के.

पाय तोच, प्लास्टिकही तेच. पान आल्यापासून खप मात्र दुप्पट आहे. तुम्हीसुद्धा परवा दुकानात दोन पाकिटं हातात तोलून पानवालंच टोपलीत टाकलंत. आत काय आहे ते मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत. मेंढीला माहीत आहे. उगाच नाही ती गालातल्या गालात हसत.