तेल, पाणी आणि सोळावा सोमवार

मी बी.एस्सी. आहे हे मी घरात जरा जास्तच वेळा सांगतो. (थर्ड क्लास, तोही दुसऱ्या खेपेला, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही.) त्यामुळे आठवीतली नेत्रा सोमवारी संध्याकाळी "पप्पा, उद्या सायन्सला इमल्शन करून दाखवायचंय," म्हणाली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

बरणीत तेल-पाणी घालून हलवलं. क्षणभर एकजीव झालं, मग तेल पुन्हा वर.

"यांना धरून ठेवायला तिसरं कुणीतरी लागतं," मी म्हणालो.

"भांड्यांचा साबण घालू?"

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला आवडलं नाही. ओट्यावर पातेल्यात नारळाचा रस होता. दाट साय वर, पाणी खाली. "हेही इमल्शनच. यात अंड्याचा बलक फेटला की वेगळं होणार नाही."

आता, सोमवारी आमच्या मुलुंडच्या घरात अंडं येत नाही. त्यातून सासूबाई विक्रोळीहून आलेल्या. त्यांचा सोळावा सोमवार. पूजा झाली की याच रसात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, खाऊन उपास सोडायचा. हे व्रत कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्या प्रमोशनसाठी असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तरीही मी खालच्या दुकानातून एक अंडं पँटच्या खिशातून आणलं. वाटीभर रस वेगळा काढून त्यात बलक फेटला. झकास झालं. नेत्रा ते वहीत लिहायला गेली आणि मी ऑफिसचा फोन घ्यायला गॅलरीत गेलो.

परत आलो तर वाटी सिंकमध्ये.

"वाटीत रस कशाला काढलात?" माझी बायको प्रेमा म्हणाली. "ओतला परत. बघा, काय दाट झालाय."

तेव्हाच सांगायचं. पण मी टाळ घेऊन आरतीला उभा राहिलो. आरती झाली, पानं मांडली, सासूबाईंनी रसाची वाटी उचलली. सोळा सोमवार उपाशी राहिलेली ती म्हातारी बाई. मला माझीच लाज वाटली.

"आई, थांबा. त्यात अंडं आहे. मी घातलं."

वाटी खाली आली. प्रेमाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ओठाला लागलं नाही ना?" मी विचारलं. "म्हणजे व्रत मोडलं नाही."

"मोडूक नाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण फळूकव नाय."

"तसं नाही आई, प्रमोशनची लिस्ट अजून यायचीय."

"खयचा प्रमोशन? जावयाक अक्कल येवची म्हणान धरललंय मी सोमवार."

येत्या सोमवारपासून त्या पुन्हा पहिल्यापासून धरणार आहेत. या खेपेला त्यांच्यासोबत प्रेमाही धरतेय.