तोंडातला करंट

वायरमनकाकांना करंट लागला तो भर जेवणात, चमच्यानं. चमचा दातांना टेकला मात्र, चाळीस वर्षं विजेशी संसार केलेले काका खुर्चीवरून वीतभर उडाले.

"अगं, चमच्यात करंट आहे!"

"मीठ कमी आहे म्हणा, ऐकून घेईन," काकू म्हणाल्या. "करंट मी कुठून घालणार?"

काका हसले नाहीत. 'काका करंट आहे म्हणाले म्हणजे आहे,' या एका शब्दावर अख्खी इमारत निर्धास्त होती. त्यांनी टेस्टर काढला. टेबल तपासलं, फ्रिज ओढून बाहेर घेतला, पाच बोर्ड उघडले. सगळं ठणठणीत. पुन्हा जेवायला बसले आणि पुन्हा झटका! म्हणजे दोष इमारतीच्या अर्थिंगमध्येच, असं ठरवून काका तडक खाली गेले, इमारतीचा मेन स्विच पाडला, जिने चढून वर आले आणि खिडकीच्या उजेडात चमचा तोंडात घातला.

झटका!

इमारतीत विजेचा थेंब नाही आणि तरी करंट? काका चक्रावले. आणि गंमत बघा, त्याच घटकेला लिफ्टमध्ये कोण असावं? सोसायटीचे अध्यक्ष! दोन मजल्यांच्या मधे, एकटे, हातात आइस्क्रीमचा डबा. कुणीतरी मेन चढवून त्यांना सोडवलं तेव्हा आइस्क्रीम वितळलं होतं आणि अध्यक्ष तापले होते.

"काका, कुठाय करंट?"

"शोधतोय."

"उद्या संध्याकाळपर्यंत सापडला तर ठीक. नाहीतर आम्ही दुसरा वायरमन शोधतो!"

ते गेल्यावर मुलानं काकांची हत्यारांची पिशवी उचलून कपाटात ठेवली. "बाबा, वहम आहे हा. वय झालं आता, आराम करा."

वहम! करंट लागला त्यापेक्षा हा शब्द जास्त लागला. काका खिडकीशी बसून राहिले. मग चमचा बाजूला ठेवून त्यांनी नुसतेच दात हळूच मिटले. झटका! जिभेनं चाचपलं. वर दहा वर्षांपूर्वीची सोन्याची टोपी, आणि बरोबर तिच्याखाली तीन दिवसांपूर्वी दाढेत भरलेली चांदी. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या बाजूनं चावायला आजच सुरुवात केली होती. देवानं बुद्धी दिली ती अशी ऐन वेळेला.

"अगं ए! दोन धातू, मधे लाळ! मी बॅटरी चावतोय!"

सकाळी काका व्होल्ट मोजायचं मीटर खिशात घालून दातांच्या डॉक्टरांकडे पोचले. काका तिथलाही मेन पाडतील या धास्तीनं काकूही बरोबर होत्या.

डॉक्टर हसले. "काका, असं पुस्तकात असतं. तीस वर्षांत मी एकही केस पाहिली नाही. नवीन चांदी आहे, होईल सवय."

"पुस्तक राहू द्या. मीटर बघा."

काकांनी आ केला. एक टोक चांदीला, एक सोन्याला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काकूंनी दवाखानाभर ऐकू जाईल असं वाचलं, "शून्य पॉइंट चार व्होल्ट!" आणि लगेच मुलाला फोन लावला, "आधी बाबांची पिशवी काढ कपाटातून. आणि अध्यक्षांना घेऊन ये, असशील तस्सा!"

"ही चांदी काढून पांढरं सिमेंट भरतो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "मिनिटांचं काम."

"हाऽऽ लाऊ का!" काका आ न मिटता गरजले. म्हणजे, हात लावू नका. पुरावा होता तो.

अर्धा तास काका तसेच बसले. अध्यक्ष आले. मीटर पाहिलं, तोंडात वाकून पाहिलं, आणि मान खाली घातली. "काका, इमारत तुमचीच. चुकलं आमचं." मुलानं पिशवी वडिलांच्या मांडीवर ठेवली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, पण हसू काही लपेना.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून एक शिक्षिकाबाई आत आल्या. "सहा महिने तोंडाला लोखंडाची चव येतेय. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. काका, माझंही बघता?"

काका उठले. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं, मीटर शून्यावर आणलं आणि हुकूम सोडला, "आ करा."

मग मागे वळून पाहिलं. "डॉक्टर, जरा दिवा धरा."

आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं धरला.