माणशी जागा

शिंप्याची खोली दहा बाय बारा. त्यात शिलाई मशीन, कपाट, बायको, दहावीतली मुलगी आणि धाकटा. मुलगी अभ्यासाला न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसायची. कुणाला आंघोळ करायची असली की भूगोल बंद.

अशात नगरपालिकेनं फर्मान काढलं. एका खोलीत सात माणसं राहत असतील, तर नव्या इमारतीत दोन खोल्या मिळणार.

"तीन माणसांवाचून घर अडलंय," बायको म्हणाली. "दादाला बोलावते. मोजणीपुरतं हो! जेवतील आणि जातील."

मेव्हणा बायको-मुलासह आला. नगरपालिकेच्या साहेबांनी डोकी मोजली, सात लिहिली आणि निघता निघता म्हणाले, "फेरतपासणी होईल. सहा महिन्यांत कधीही येऊ. एक जरी कमी भरला, तर नाव कायमचं बाद."

मेव्हण्यानं उचललेली पिशवी खाली ठेवली. "आता तुमच्यासाठी राहणं आलं," तो उपकाराच्या सुरात म्हणाला. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःची भाड्याची खोली सोडून दिली. "दोन-दोन घरं कशाला उगाच?"

शिंपी जिन्यात कापड बेतू लागला. येणारेजाणारे त्याच्या खडूच्या रेघा तुडवत जायचे. एका गिऱ्हाइकाच्या विजारीचा एक पाय आखूड झाला. न्हाणीघरापुढे आता रांग असायची, म्हणून मुलगीही जिन्यात आली. तिचं गणित जिन्यातच तयार झालं आणि सहामाहीत तिथूनच गडगडलं. शिंप्यानं प्रगतिपुस्तकावर सही केली. "दोन खोल्या होऊ देत, बाळा," एवढंच म्हणाला.

सहाव्या महिन्यात साहेब उगवले. पुन्हा सात डोकी भरली.

"सगळे इथंच राहिलात?"

"इथंच साहेब. शेजाऱ्यांना विचारा!"

"भांडणं, आजारपण?"

आपलं घर सभ्य दिसावं म्हणून शिंपी छाती काढून म्हणाला, "छे! एकदम गुण्यागोविंदानं."

"उत्तम!" साहेबांनी तेही लिहून घेतलं. "सगळीकडे हेच ऐकतोय. म्हणजे एका खोलीत सात माणसं आरामात राहतात! शहर वाढतंय हो, जागा आणायची कुठून? येत्या एक तारखेपासून मर्यादा दहा करतोय."

साहेब गेले. जिन्यातून मुलीनं विचारलं, "बाबा, मिळाल्या खोल्या?"

शिंप्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. गळ्यातली टेप त्यानं बोटाला गुंडाळली. मग मेव्हण्याकडे वळून हळूच म्हणाला,

"तुमच्या सासूबाई सध्या कुठे असतात हो?"