अक्कांचं राखीव खातं

"माझ्या पैशाला हात लावील असा चोर अजून पाळण्यात आहे!" दुकानात येईल त्याला अक्का हेच ऐकवत होत्या, आणि ऐकवायला कारणही तसंच होतं. शिवणाच्या दुकानात तीस वर्षं गळ्यात टेप घालून वावरलेल्या अक्कांनी, बासष्टाव्या वर्षी, घरात कुणाचंही न ऐकता, दुसऱ्या बँकेत दुसरं खातं उघडलं होतं!

झालं होतं असं. मागच्या महिन्यात त्यांच्या नेहमीच्या बँकेचं मशीन दोन दिवस बंद पडलं. एटीएममधून पैसे निघेनात, फोनवरून जाईनात. नेमका तेव्हाच अस्तरवाला पैसे न्यायला आला आणि दोन तास दुकानात बसून राहिला. गिऱ्हाइकांसमोर असे सुस्कारे सोडत होता, की जणू अक्कांनी त्याची जमीनच लाटली आहे. तीस वर्षांची इभ्रत भर दुकानात उसवली!

त्याच संध्याकाळी अक्कांनी जाहीर केलं, "एका बँकेच्या भरवशावर राहायचं नाही. आपल्याला राखीव खातं पाहिजे."

"मी बघतो ना आई," मुलगा म्हणाला. "व्याज कुठे जास्त मिळतं ते..."

"तू गप्प बस. तुला स्वतःच्या शर्टाचं कापड निवडता येत नाही, बँक काय निवडणार!"

अक्का स्वतः निघाल्या. शाळेत जेमतेम दोन इयत्ता झालेल्या, त्यामुळे माहितीपत्रकं वाचण्याच्या फंदात त्या पडल्याच नाहीत. त्यांनी पेनं पाहिली. पहिल्या बँकेत काउंटरवर पेनच नव्हतं. "गिऱ्हाइकाला पेन देताना यांचा जीव जातो, पैसे काय देणार!" दुसरीकडे पेन होतं, पण मोकळं. अक्कांनी ते पर्समध्ये टाकलं आणि दारापर्यंत चालत गेल्या. कुणी हटकलं नाही. परत येऊन पेन जागेवर आपटलं, "यांना पेन सांभाळता येत नाही!" आणि तडक बाहेर. तिसरी होती कोपऱ्यावरची लहानशी बँक. तिथे पेनाला सुतळी, सुतळीला तीन गाठी, आणि वर टेबलात ठोकलेला खिळा!

"हीच," अक्का म्हणाल्या.

तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं, "अक्का, आता एक सुरक्षा प्रश्न. फोनवरून मोठी रक्कम पाठवताना अडलं, तर आम्ही प्रश्न विचारणार, तुम्ही उत्तर द्यायचं. शाळेतल्या पहिल्या बाईंचं नाव ठेवू?"

"त्यांची पट्टी आठवते. नाव नाही."

"मग घरातलं सगळ्यात लाडकं माणूस? पण उत्तर असं द्या, की तुम्हाला ओळखणाऱ्यालासुद्धा सुचायला नको."

अक्कांनी डोकं चालवलं. नवरा? चोर पहिल्या झटक्यात तेच म्हणेल. मुलगा? दुसऱ्या झटक्यात. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला, की चष्मेवाल्या बाईंनी चष्मा पुसला.

"लिहा, जाऊ!"

"नाव काय त्यांचं?"

"नुसतं जाऊ लिहा. तिचं नाव मी तोंडानं घेत नाही!"

ही धाकटी जाऊ अक्कांच्याच दुकानात काज-बटणं करायची. अकरा वर्षांपूर्वी तिनं अक्कांची कापडाची खास कात्री घेतली आणि पुठ्ठा कापला. पुठ्ठा! कापडाच्या कात्रीनं! त्या दिवसापासून दोघी एकाच दुकानात पाठीला पाठ करून बसत आणि एकमेकींशी अक्षर बोलत नसत. मध्ये मुलाचं टपाल खातं.

"सांग तुझ्या काकूला, बाहीला दोन बटणं हवीत."

"सांग तुझ्या आईला, मला डोळे आहेत."

दोघींमधलं अंतर चार फूट!

तर नवं खातं उघडून थोडेच दिवस झाले होते, आणि दुकानासमोर एक टेम्पो थांबला होता. टेम्पोत काज करायचं जुनं, पण ठणठणीत मशीन. अक्कांकडे दोनशे गणवेशांची ऑर्डर होती, शनिवारपर्यंत द्यायची. हजाराच्या वर काजं, आणि हातानं काजं करून करून जावेचा अंगठा टोमॅटोसारखा सुजलेला. मशीन आलं नाही तर ऑर्डर गेलीच म्हणून समजा.

"पैसे फोनवर टाका, मशीन उतरवतो," मशीनवाला म्हणाला. "नाहीतर मागच्या गल्लीतला शिंपी तयारच बसलाय."

मुलानं फोनवर बोटं चालवली आणि त्याचा चेहरा पडला. "आई, बँक परत बंद."

मशीनवाल्यानं टेम्पोकडे पाहिलं. अक्का मात्र उठल्या. पदर सारखा केला. अशा उठल्या, जणू आता भाषणच करणार!

"बंद पडू दे! माणसानं आधीच विचार केलेला असतो. काढ माझं राखीव खातं!"

मुलानं काढलं. फोनवर अक्षरं आली, 'पहिलीच मोठी रक्कम. शाखेशी बोला.' लावला फोन. आता अक्कांचा फोन मागे एकदा खळीच्या बादलीत पडला होता आणि तेव्हापासून तो कानाशी बोलायचाच नाही. बोलायचा तो सगळ्या गल्लीशी!

"नमस्कार अक्का!" चष्मेवाल्या बाई दुकानभर घुमल्या. "सुरक्षा प्रश्न आहे. तुमच्या घरातलं सगळ्यात लाडकं माणूस कोण?"

शिवणयंत्र थांबलं. कॉलरींना इस्त्री करणाऱ्या यजमानांनी केसांवरून हात फिरवला. मशीनवालाही एक पाऊल आत आला.

अक्कांच्या कपाळाला घाम फुटला. "अहो बाई, दुसरं काहीतरी विचारा. ती पट्टीवाली बाई विचारा!"

"नाही अक्का, नियम आहे. आणि तीनदा चुकलं की खातं उद्यापर्यंत बंद."

अक्का मुलाच्या कानाशी लागल्या. "सांग तुझ्या काकूला, जरा बाहेर फिरून ये म्हणावं."

"सांग तुझ्या आईला," पाठीमागून आवाज आला, "माझ्या हातात सुई आहे."

इकडे यजमान इस्त्री तशीच टाकून पुढे झाले. "या वयात लाजतेस काय!" म्हणत फोनवर वाकले. "हॅलो, मीच तो. नवरा!"

"चुकीचं उत्तर. दोन संधी उरल्या."

"अहो, उत्तर अक्कांनी द्यायचं ना?" मशीनवाल्यानं कायदा काढला.

"त्यांच्या फोनवरून आलं, ते त्यांचंच!" बाई म्हणाल्या.

"बाबा, सरका," मुलगा छाती काढून म्हणाला. "मुलगा!"

"चुकीचं. एकच संधी उरली."

बापलेक अक्कांकडे असे बघायला लागले, जणू दोघांचीही मापं आजवर चुकीची घेतली होती. तेवढ्यात जळका वास आला. इस्त्रीखाली कॉलर धुमसत होती! यजमान तिकडे धावले, मशीनवाला टेम्पोकडे. त्यानं दार उघडलं, चावी फिरवली, टेम्पो घरघरला.

अक्कांनी एकदा टेम्पोकडे पाहिलं. एकदा गणवेशांच्या ढिगाकडे. एकदा पाठमोरी बसून सुजका अंगठा चोखणाऱ्या बाईकडे. मग डोळे घट्ट मिटले आणि ओरडल्या, "जाऊ! माझी धाकटी जाऊ!"

"बरोबर!" फोन म्हणाला.

मागचं स्टूल करकरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते वळलं होतं.

"अक्का... मी?"

अक्कांनी तोंड उघडलं. अगं, चोराला सुचू नये म्हणून तुला घातली, एवढंच सांगायचं होतं. पण जावेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि उभ्या आयुष्यात न अडलेली अक्कांची जीभ, गुंता झालेल्या दोऱ्यासारखी तिथेच अडकली.

"हं," त्या म्हणाल्या.

"अक्का, उत्तर बरोबर आहे," फोन पुढे बोलतच होता, "पण पैसे जाणार नाहीत. खातं उघडताना भरलेत, तेवढेच पडलेत इथे. त्यात मशीनची सुईसुद्धा यायची नाही."

"अरे, भरायला सांगितले होते ना तुला!" अक्का मुलावर कडाडल्या.

"तूच म्हणालीस ना! नव्या कारागिराच्या हातात पहिल्याच दिवशी रेशीम द्यायचं नसतं, आधी सहा महिने बँकेची चालचलणूक बघू!"

टेम्पो हलला.

"ए, थांबा हो!" जाऊ ओरडली. चिंधीला नाक पुसलं, पिशवीतून फोन काढला आणि टेम्पोवर रंगवलेला नंबर बघत सुजक्या अंगठ्यानंच टकटक केलं. मशीनवाल्याच्या खिशात टिंग झालं.

"आले," तो म्हणाला आणि मशीन उतरवायला लागला.

"तुझ्याकडे एवढे पैसे?" अक्कांनी थेट विचारलं. मध्ये टपाल नाही, काही नाही!

"अकरा वर्षं बोलायला कुणी नव्हतं, अक्का. साठवत बसले."

दुपारी मोठ्या बँकेचं मशीन सुरू झालं, अक्कांनी सगळे पैसे परत केले. शनिवारी गणवेश गेले, एक कॉलर सोडून. जावेनं स्टूल कायमचं अक्कांकडे फिरवलं आणि अकरा वर्षांचं साचलेलं बोलणं बॉबिन हातातून सुटावी तसं घरंगळायला लागलं. अक्का रोज ठरवायच्या, आज हिला खरं काय ते सांगायचं. आणि रोज हसता हसता राहून जायचं. यजमान मात्र आता पाठ करून इस्त्री करत. "सांग तुझ्या आईला, कोळसा संपलाय." "बाबा, इस्त्री विजेची आहे!"

पण उत्तर तर आता सगळ्या गल्लीला पाठ झालेलं. असलं उत्तर ठेवून काय उपयोग? ते बदलायला अक्का निघाल्या.

"एकट्या कशाला जाता? मी येते ना!" जावेनं चपला घातल्यासुद्धा.

बँकेत दोघी शेजारी शेजारी बसल्या. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "बोला अक्का. आता नवीन लाडकं माणूस कोण?"

अक्कांनी वाटेत तीन नावं घोकली होती. पण शेजारच्या खुर्चीतली हसरी जाऊ एकाएकी अंगठ्याच्या पट्टीचा दोरा ओढायला लागली.

"लिहा... म्हणजे ते... अं..." अक्कांनी कपाळ पुसलं आणि शेवटी हात झटकला. "जाऊ दे!"

बाईंनी टकटक केलं. "जाऊ. बरं. पण हेच तर आधीही होतं! मग बदलायला आलात कशाला?"

जाऊ खुदकन हसली.

"तुमचं मशीन चालू आहे की बंद, ते बघायला!" अक्का खेकसल्या आणि सही करायला जी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केलीच नाही.