सासूबाईंच्या काखेतली माती

जावई मातीचा शास्त्रज्ञ होता. आपल्या खताचा वाफा शेजारच्या बिनखताच्या वाफ्याला चारी मुंड्या चीत करणार, असं त्याने सासूबाईंना जेवताना छातीठोकपणे सांगितलं होतं. मातीत फॉस्फरस कुलूपबंद असतो. मातीतले जीव विकर नावाची किल्ली करून तो सोडवतात. रसायन घातलेली माती तासभर सदतीस अंशांवर ठेवायची. पाणी जितकं पिवळं, तितक्या किल्ल्या जास्त. उद्या साहेबांना निकाल दाखवला की प्रकल्पाला मुदतवाढ मिळणार होती, नाहीतर गाशा गुंडाळायचा होता.

नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेतलं माती उबवायचं यंत्र बंद पडलं.

जावई डगमगला नाही. दोन्ही वाफ्यांतल्या मातीच्या दोन बुचबंद नळ्या घेऊन तो घरी आला. "सदतीस अंश म्हणजे माणसाचं अंग. काखेत धरायच्या."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" बायकोने विचारलं.

सासूबाई मात्र तयार झाल्या. सकाळच्या गाडीने त्यांना बहिणीकडे जायचं होतं; बॅग भरून झाली होती आणि त्या शाल पांघरून नुसत्याच बसल्या होत्या. खताची नळी जावयाने स्वतःकडे ठेवली, बिनखताची त्यांना दिली. तासभर दोघं हात अंगाशी आवळून समोरासमोर बसले. मध्ये फोन वाजला, तो कुणीच उचलला नाही.

मग जावयाने दोन्ही नळ्यांतलं पाणी गाळलं. खताचं पाणी जेमतेम पिवळसर. बिनखताचं हळदीसारखं.

"वर्षभराची मेहनत पाण्यात गेली," म्हणत तो मटकन खाली बसला. त्याला खरंच रडू येत होतं.

बायकोने दोन्ही नळ्यांचं पाणी पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि थर्मामीटर आणला. "आई, हात वर कर."

"मला काही झालेलं नाही."

ताप एकशे तीन होता. बहिणीकडचं जाणं रद्द होईल म्हणून त्या दुपारपासून गप्प होत्या. जास्तीच्या उबेत बिनखताची विकरं जोमाने कामाला लागली होती.

जावयाने साहेबांना फोन केला आणि कारण खरं सांगितलं. मग आठवड्याची मुदत मिळाली, यंत्र मात्र नाही.

डॉक्टर गोळ्या देऊन गेले, बॅग रिकामी झाली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. मातीने आपली चहाडी करावी, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. जावई पाणी घेऊन आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "जावईबापू, ताप उतरायच्या आत प्रयोग उरकून घ्या. या खेपेला खताची नळी मला द्या."

शास्त्रज्ञ असूनही जावयाने क्षणभर विचार केला.