उसना टॉवेल

"टॉवेल? आणि माझ्या कोपऱ्यातून? विसर!"

बर्ट पेगलरने अशी छाती ठोकली, की लंडनमधल्या बर्मंड्सीच्या त्या चिंचोळ्या दुकानातले कढईतले मासेसुद्धा क्षणभर चुरचुरायचे थांबले.

दिवसा गोदीत पोती उचलायची आणि शनिवारी मुष्टियुद्धाच्या रिंगणात ठोसे खायचे, यात बर्टची वीस वर्षं गेली होती. नाकाने दोनदा वळण घेतलं होतं, कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुलले होते. एल्सी, त्याची बायको, एकटीच मासे तळायची. तिला शेजारी उभं राहणारं माणूस हवं होतं, तेही धड चेहऱ्याचं.

"अख्खी गल्ली काम झेपेना की 'टॉवेल टाकला' म्हणते आणि सुखाने झोपते," ती म्हणाली. "तुझंच काय अडतं?"

"गल्लीचं बोलायला काय जातं? रिंगणात आपला गडी मार खाऊन झुलायला लागला, की कोपऱ्यातला माणूस खराखुरा टॉवेल आत टाकतो. हरलो! हजार लोकांसमोर!"

"मग लाव पैज. शनिवारी रिंगणात टॉवेल पडला, तर सोमवारपासून तू या कढईपाशी."

"कबूल! नाही पडला, तर हा विषय बंद!"

आता घोळ असा, की बर्टच्या कोपऱ्यात उभा राहणारा पर्सी हा एल्सीचाच भाऊ, आणि इतका हळवा, की मासा कापतानाही डोळे मिटून घेई. रक्ताचा पहिला थेंब दिसला, की हा टाकणार टॉवेल! म्हणून शनिवारी बर्टने गुपचूप पर्सीच्या पिशवीतून टॉवेल काढला आणि चुलीमागच्या दोरीवर वाळत घातला. टॉवेलच नाही, तर पडेल कुठून?

समोर डेप्टफर्डचा डॅन होता. कोवळी मिसरूड, दंड मात्र जहाजाच्या दोरखंडासारखे. पहिल्या फेरीत बर्ट हसला. दुसरीत त्याला दोन डॅन दिसले. तिसरीत ते दोघेही मारत होते!

स्टुलावर कोसळत बर्ट पुटपुटला, "पर्सी... टाक."

"काय टाकू?"

"टॉवेल, गाढवा!"

"पिशवीत नाहीये! मघापासून तुझा घाम मी टोपीने पुसतोय!"

घंटा झाली. पर्सीने हाताला लागला तो ओला स्पंज आत भिरकावला.

"हे काय?" पंच खेकसला.

"माघार, साहेब! पूर्वी स्पंजच टाकायचे ना?"

"आजोबांच्या काळी! आता टॉवेल लागतो!" आणि पंचाने स्पंज लाथेने बाहेर उडवला. पर्सीने टोपी टाकली. ती पहिल्या रांगेतल्या एकाने झेलून डोक्यावर घातली!

शेवटी पर्सी दोरावरून अर्धा आत लोंबकळत पलीकडच्या कोपऱ्याला ओरडला, "गसकाका! टॉवेल देता का जरा? धुऊन परत करतो!"

डॅनच्या कोपऱ्यातला म्हातारा गस म्हणजे देवमाणूस. मागेल त्याला द्यायचं, कशाला म्हणून विचारायचं नाही. "घे रे पोरा!" म्हणत त्याने टॉवेल रिंगणावरून पर्सीकडे फेकला. हवेत तो उलगडला, थेम्सवरच्या पांढऱ्या पाखरासारखा तरंगला आणि बरोबर डॅनच्या पायाशी उतरला.

"थांबा!" पंच गरजला. "डेप्टफर्डची माघार! विजयी, पेगलर!"

"अहो, तो उसना दिलाय!" गस कळवळला.

"नियमात उसना टॉवेल नाही! पडला तो पडला!"

"काका," डॅन रडवेला झाला, "मी जिंकत होतो की हो!"

बर्ट घरी आला तेव्हा एक डोळा शिंपल्यासारखा मिटला होता. एल्सीने त्यावर थंड फडकं ठेवलं.

"जिंकलो, एल्सी."

"पर्सी सांगून गेला सगळं. टॉवेल पडला ना रिंगणात?"

"पण माझ्या कोपऱ्यातून—"

"पैज रिंगणाची होती. कोपऱ्याचं कोण बोललं होतं?"

बर्टने भांडायला तोंड उघडलं. पण फडकं गार होतं, तिचा हात ऊबदार होता, आणि ओहोटीला नाव चिखलात अलगद टेकावी तसं त्याच्या आत काहीतरी टेकलं.

"पडला," तो म्हणाला. इतक्या आनंदाने, की एल्सीलाच संशय आला.

सोमवारी गसकाका टॉवेल न्यायला आले आणि मासा खात बसले. टॉवेल बर्टच्या खांद्यावर होता. पहिला घाणा करपला, दुसऱ्यात बोट भाजलं, तिसऱ्यात तेल उडून मिशी होरपळली. बर्टने हळूच खांद्यावरचा टॉवेल काढला आणि कढईकडे रोखून पाहिलं.

"खबरदार!" मागे न वळताच एल्सी म्हणाली. "तो गसकाकांचा आहे!"