जेसल पार्कची कटकट-मोहीम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक मास, रविवार, प्रातःकाळ. भाईंदर पूर्व प्रांती जेसल पार्क ठाण्यात, चौथे मजल्यावर, विमा कचेरीचे मातबर कारकून गुणवंतराव वाव्हळ यांणी जी मोहीम केली, तिची हकीकत यथास्थित लिहिली असे. यात राव कोठे बहुत शहाणे दिसल्यास तो लेखनदोष समजावा.

कारण ऐसे की, रावांच्या मातुश्री मनोरमाबाई, वय सत्त्याहत्तर, जात्यावरच्या ओव्यांचा खजिना कंठी बाळगून होत्या. मंगळवारी त्यांचे गळ्याची शस्त्रक्रिया ठरली, आणि डॉक्टरसाहेब बोलिले की उपरांत आवाज पूर्ववत राहील ऐसा भरवसा देता येत नाही. तेणेकरून राव धास्तावले. मग मायक्रोफोन आणविला, संगणक सज्ज केला, आणि हा आवाज जतन करावा ऐसी मसलत केली.

मातुश्रींनी ओवी म्हटली. ती परत ऐकता मधोमध कट् कट् कट्, जैसे फुटाणे भाजावे. राव खवळले. प्रथम पंख्यावर चालून गेले आणि तो बंद केला, मग फ्रिज जेर केला, मग शेजारी चंदनभाईंचे दारी जाऊन "आपका मिक्सर जरा बंद रखोगे क्या?" ऐसा खलिता गुजारिला. भाई बोलिले, "अरे, मिक्सर तो महिनेभर से बिगडा पडा है!" राव खजील होऊन परतले. मग रिक्षाने हाटकेशाचे बाजारावर स्वारी करून नवी वायर आणिली, आणि कटकट तैसीच राहिली.

नऊ वेळा ओवी जाहली. मातुश्री वदल्या, "आरं गुण्या, मी गाया लागले की तुझं यंत्र रडायलंय का काय रं?"

राव हसले, परंतु त्या स्वरात थकवा शिरला हे त्यांणी ऐकिले आणि मनातून घाबरे जाहले.

इतक्यात रावांचे कुटुंब राजश्रीबाई मुदपाकखान्यातून आल्या आणि ध्वनिमुद्रणाचे प्रोग्रामचे मदतीचे पान उघडून वाचू लागल्या. ते वाचणे रावांनी कमीपणाचे मानिले होते.

"अहो, हे बफर बत्तीसवर कोणी ठेवलंय?"

बफर म्हणजे संगणकास दम घ्यावयास दिलेली उसंत. आकडा जितका लहान तितके यंत्र तेज, ऐसे समजून रावांनीच तो काल सर्वांत खाली आणिला होता, आणि बिचाऱ्या संगणकास धाप लागली होती.

"मी," ऐसे एकाक्षरी कबुलीपत्र रावांनी दिले. शत्रू घरचाच निघाला, सबब कोणास कैद केले नाही.

राजश्रीबाईंनी आकडा पाचशे बारा केला. मातुश्री दहाव्यांदा बैसल्या, पाणी प्याल्या आणि डोळे मिटून गाऊ लागल्या. आवाज स्वच्छ उतरला. सातव्या ओवीत त्यांस खोकला आला, तो आवरून त्यांणी ओवी पुरी केली. खोकला कापावा काय, ऐसे राजश्रीबाईंनी पुसिले. रावांनी तो खोकला पुन्हा एकवार लावून ऐकिला.

ऐसी फत्ते जाहली. ओव्या सात, खोकला एक दप्तरी दाखल. पैकी खोकल्यास कोणी हात लावू नये ऐसा रावांचा सक्त हुकूम जाहला, तो आजतागायत अमलात आहे.